चार कंप्युटर आणि एकच डेटा कोटा: बॉइंकसाठी स्क्विड लावताना

प्रश्न थोडक्यात असा. एका निवृत्त विज्ञानशिक्षकांच्या घरी चार कंप्युटर आहेत, दोन लिनक्सवर आणि दोन विंडोजवर. चारही बॉइंकमधून (घरच्या कंप्युटरची ताकद विज्ञानप्रकल्पांना देणारा प्रोग्रॅम) एलएचसी ॲट होम आणि आइन्स्टाइन ॲट होमसाठी गणितं करतात. पहिला प्रकल्प सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या एलएचसी या कणत्वरकाशी संबंधित, दुसरा गुरुत्वीय लहरी वगैरे शोधणारा. गावात अजून फायबर नाही. सगळं घर एका सिमकार्डाच्या राऊटरवर चालतं आणि महिन्याचा डेटा वीस तारखेच्या आतच संपतो. त्यांनी एका लिनक्स मशीनवर स्क्विड हा प्रॉक्सीचा (घर आणि इंटरनेट यांच्या मधे उभा राहणारा) प्रोग्रॅम बसवला, चारही बॉइंकमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरला. आठवडा झाला तरी स्क्विडच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, बहुतेक ‘मिस’ (साठ्यात नव्हतं, बाहेरून आणलं) आणि ‘टनल’ हेच शब्द दिसतात. मग स्क्विडचा काही उपयोग नाही असं समजायचं का?

सर, उपयोग आहे, आणि तुमच्या घरात तर चांगलाच व्हायला हवा. कारण तुम्ही निवडलेल्या दोन प्रकल्पांपैकी एक असा आहे की प्रॉक्सीचा खरा फायदा तिथेच होतो. पण तुमचा स्क्विड सध्या नुसता दारात उभा आहे. मोठा माल त्याला साठवता येत नाही आणि जो माल साठवण्याजोगा आहे तो त्याच्या दारातून येतच नाही. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी प्रॉक्सी नेमकं काय वाचवू शकते ते पाहू. कॅशे करणारी प्रॉक्सी म्हणजे घरातलं कोठार. बाहेरून आलेली वस्तू ती ठेवून घेते आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा कोणी मागितली की बाहेर न जाता घरातूनच देते. त्यासाठी तीन अटी जुळाव्या लागतात. वस्तू खरोखर दुसऱ्यांदा मागितली गेली पाहिजे, दोन्ही वेळा तिचा पत्ता अक्षरशः तोच हवा, आणि ती साध्या एचटीटीपीवरून आली पाहिजे. एचटीटीपीएसवरून आली तर स्क्विडला फक्त बंद लखोटा दिसतो. कोणत्या सर्व्हरकडे चाललाय एवढं कळतं, आत काय आहे ते नाही. लॉगमधला ‘टीसीपी टनल’ हा शब्द त्या बंद लखोट्याचा.

बॉइंकची ये-जा या अटींवर घासून पाहा. काम मागणं आणि निकाल कळवणं हे ‘पोस्ट’ प्रकारचे संवाद आहेत, ते कधीच कॅशे होत नाहीत. निकालाच्या फाईली वर चढतात, तेही तसंच. म्हणजे अपलोडचा एक बाइटही प्रॉक्सी वाचवत नाही. एलएचसी ॲट होममधल्या ॲटलास या प्रयोगाच्या टास्कची निकालाची फाईल शेकडो एमबीची असू शकते. ती जितकी आहे तितकी जाणारच. उरतं डाऊनलोड. त्यातही एका मशीनवर एकदा उतरलेली फाईल बॉइंक त्याच मशीनसाठी पुन्हा मागवत नाही, गरज असेपर्यंत जपून ठेवतो. म्हणून ज्यांच्या घरी एकच कंप्युटर आहे आणि त्यावर साधी टास्क चालतात, त्यांना मी प्रॉक्सी लावायला कधीच सांगत नाही. फायदा होतो तो एकापेक्षा जास्त मशीन असतील तेव्हा, किंवा व्हर्च्युअल मशीन (कंप्युटरच्या आत चालणारा दुसरा, आभासी कंप्युटर) वापरणारे प्रकल्प असतील तेव्हा. तुमच्याकडे दोन्ही आहे.

समजा प्रकल्पाने नवा प्रोग्रॅम किंवा व्हर्च्युअल मशीनची नवी डिस्क काढली आणि ती ५०० एमबीची आहे. चार मशीन आपापली उतरवतील तर २ जीबी. मधे प्रॉक्सी असेल तर पहिल्याने ५०० एमबी आणली, बाकी तिघांना घरातल्या वायरीवरून मिळाली. तुमच्यासारख्या रोजच्या मोजक्या जीबीवर दीड जीबी म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस. पण अशा मोठ्या फाईली रोज येत नाहीत. रोजची गळती वेगळीकडे आहे, आणि ती समजण्यासाठी एलएचसी ॲट होमच्या पोटात शिरावं लागेल.

२००४ साली सर्नच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात फक्त सिक्सट्रॅक होता. त्वरकात फिरणाऱ्या कणांचा झोत स्थिर राहतो की नाही ते तपासणारा हा प्रोग्रॅम आटोपशीर होता आणि डेटाही फारसा खात नव्हता. पुढे थिअरी (कणांच्या टकरींची सैद्धांतिक गणितं) आणि ॲटलास, सीएमएस या सर्नमधल्या प्रयोगांची कामं आली. या प्रयोगांचं सॉफ्टवेअर इतकं अवाढव्य आणि इतकं सतत बदलणारं असतं की ते प्रत्येकाच्या घरी पूर्ण पाठवणं अशक्यच. म्हणून सर्नने एक वेगळी फाईल सिस्टीम केली, सर्न व्हीएम एफएस; तिच्याभोवतीचे लोक तिला ‘सीव्हीएमएफएस’ म्हणतात. टास्कला जी फाईल ज्या क्षणी लागेल तेवढीच ती त्या क्षणी नेटवरून आणते. पूर्ण ग्रंथालय घरी न आणता लागेल ते पानच मागवायचं, अशी ही व्यवस्था.

आता हे विंडोजवर कसं चालतं ते पाहा. थिअरीचं टास्क सुरू झालं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक छोटं लिनक्स उभं राहतं. ते सीव्हीएमएफएसमधून हवं ते उतरवतं, आपल्या आतल्या कॅशेत ठेवतं, काम करतं. टास्क संपलं की ते मशीन पुसलं जातं आणि त्याबरोबर कॅशेही. पुढचं टास्क पुन्हा नवं मशीन, पुन्हा तीच पानं. मूळ डिस्कमध्ये नेहमी लागणाऱ्या फाईली आधीच भरून दिलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण शून्यापासून सुरुवात होत नाही. तरीही प्रत्येक टास्कमागे बरंच काही पुन्हा उतरतं, आणि दोन विंडोज मशीनवर दिवसाला जितकी टास्क तितक्या वेळा उतरतं. तुमचा कोटा इथे पाझरतोय.

आणि हाच माल प्रॉक्सीसाठी सर्वांत सोयीचा. सीव्हीएमएफएसमधल्या प्रत्येक तुकड्याचं नाव म्हणजे त्याच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) असतो. मजकूर बदलला तर नावच बदलतं. म्हणजे एका नावाखालची वस्तू कधीच शिळी होत नाही. हे तुकडे साध्या एचटीटीपीवरून येतात, आणि त्यांची यादी सही केलेली असल्यामुळे वाटेत कोणी बदल केला तर लगेच उघडं पडतं. ही आखणी पहिल्यापासूनच स्क्विड गृहीत धरून झालेली आहे. एलएचसीचा डेटा हाताळणाऱ्या जगभरच्या ग्रिड केंद्रांत, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्रही आलं, शेकडो गणकयंत्रांच्या पुढ्यात स्क्विड उभे असतात. तुम्ही तेच चार मशीनसाठी करताय.

मग तुमच्याकडे हे तुकडे लॉगमध्ये ‘हिट’ (कोठारातूनच दिलेले) म्हणून का दिसत नाहीत? तुमच्या वर्णनावरून मला दोन कारणं दिसतात.

तुमच्या लिनक्स मशीनवर ॲटलास ‘नेटिव्ह’ चालतं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनशिवाय, थेट. तिथे सीव्हीएमएफएस ही स्वतंत्र सेवा आहे आणि ती बॉइंकची प्रॉक्सी सेटिंग वाचतच नाही. बॉइंकमध्ये पत्ता भरून तुम्ही बॉइंकची रहदारी वळवली, सीव्हीएमएफएस सरळ बाहेर जात राहिलं. तिच्या स्वतःच्या डीफॉल्ट लोकल या फाईलमध्ये ‘सीव्हीएमएफएस एचटीटीपी प्रॉक्सी’ नावाची ओळ असते. तिथे स्क्विडचा पत्ता आणि पोर्ट ३१२८ लिहा, मग सीव्हीएमएफएसचीच रीलोड आज्ञा द्या. त्यानंतर तिच्या स्टॅट आज्ञेत प्रॉक्सीच्या रकान्यात तुमच्या स्क्विडचा पत्ता दिसला पाहिजे. तिथे ‘डायरेक्ट’ दिसलं तर ओळ चुकली.

त्या ओळीत स्क्विडनंतर अर्धविराम देऊन ‘डायरेक्ट’ हा पर्याय ठेवता येतो. बहुतेक जण ठेवतात, म्हणजे स्क्विड बंद पडला तरी काम अडत नाही. तुमच्या बाबतीत मी तो काढून टाकेन. स्क्विडचं मशीन रात्री बंद पडलं तर सकाळपर्यंत सगळं गुपचूप बाहेरून उतरत राहील आणि ते कळेल कोटा संपल्यावर. तुमच्यासाठी टास्क अडलेलं परवडेल, डेटा गेलेला नाही परवडणार.

दुसरं कारण विंडोजकडचं. व्हर्च्युअल मशीनला प्रॉक्सीचा पत्ता बॉइंककडून मिळतो, तिथे तुमची सेटिंग योग्य रस्त्यावर आहे. पण तो पत्ता स्वतःकडेच बोट दाखवणारा, म्हणजे १२७.०.०.१ असा नको. बॉइंकला तो चालतो, पण व्हर्च्युअल मशीनच्या आतून ‘मी स्वतः’ म्हणजे ते व्हर्च्युअल मशीनच, आणि तिथे स्क्विड नसतो. राऊटरने दिलेला घरातला पत्ता लिहा, १९२.१६८ ने सुरू होणारा. आणि राऊटरच्या डीएचसीपी (घरातल्या मशीनना पत्ते वाटणारी सोय) पानावर तो पत्ता त्या मशीनसाठी राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आल्यावर स्क्विडचा पत्ता बदलेल आणि चारही मशीन हवेत बोलत राहतील. पत्ता ठीक असूनही काही दिसलं नाही तर स्क्विडच्या मशीनवरची फायरवॉल पाहा.

आता त्या मोठ्या फाईलींवरच्या ‘मिस’कडे येतो. स्क्विड बसवल्यावर त्याच्या सेटिंग्जच्या फाईलीचा जो मूळ साचा मिळतो तो छोट्या वेबपानांसाठी आहे, आपल्या कामासाठी नाही. डेबियन आणि उबुंटूवर डिस्कवर साठवण्याची ओळ सुरुवातीला बंदच असते. स्क्विड फक्त मेमरीत साठवतो, तेही मूळ साच्यात २५६ एमबीपर्यंत, आणि ५१२ केबीपेक्षा मोठी वस्तू मेमरीत ठेवत नाही. डिस्कची ओळ चालू केली तरी ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझ’ची मूळ मर्यादा फक्त ४ एमबी आहे. ५०० एमबीची फाईल त्याच्या हातावरून गेली तरी तो ती ठेवणार नाही, दर वेळी ‘मिस’ लिहिणार. ही मर्यादा २ जीबीपर्यंत वाढवा. आणि एक गोष्ट जपा, कारण तिथे मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत: ही ओळ ‘कॅशे डिर’च्या, म्हणजे डिस्कवर साठवण्याच्या, ओळीच्या वर असली पाहिजे. स्क्विड फाईल वरून खाली वाचतो. डिस्कची ओळ आधी आली तर तिला जुनीच ४ एमबीची मर्यादा चिकटते आणि खाली लिहिलेला मोठा आकडा तिच्यापर्यंत पोचत नाही. तीच गोष्ट काय ठेवायचं आणि काय टाकायचं ठरवणाऱ्या धोरणाची. ‘हीप एलएफयूडीए’ हे धोरण निवडा आणि तेही वरच लिहा. मूळ धोरण बरेच दिवस कोणी न मागितलेली वस्तू आधी टाकतं. हे धोरण वारंवार मागितलेली वस्तू मोठी असली तरी धरून ठेवतं, आणि आपल्याला वाचवायचे आहेत ते बाइट.

डिस्कवर २० जीबी द्या, तेवढे पुरतील. स्क्विड डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे सूचीसाठी साधारण १४ एमबी मेमरी घेतो, म्हणजे २० जीबीला पावणेतीनशे एमबी, त्यावर मेमरी कॅशे वेगळी. हे सगळं ॲटलास चालणाऱ्या मशीनवर ठेवलं तर दोघे मेमरीसाठी भांडतील. घरात जुना लॅपटॉप पडलेला असेल तर स्क्विड त्यावर हलवा. वीजही कमी खातो, आणि बॅटरी थोडीफार जरी चालत असली तरी लाईट जाताना मशीन एकदम मरत नाही. स्क्विडला अचानक मरण आलं की पुढच्या वेळी तो पूर्ण डिस्क चाळून सूची नव्याने बांधतो आणि तोवर मंद असतो. रास्पबेरी पायही चालतो, फक्त कॅशे एसडी कार्डावर ठेवू नका. सततच्या लिहिण्याने कार्ड लवकर जातं.

आणखी तीन ओळी तुमच्या परिस्थितीत फार कामाच्या आहेत. पहिली ‘कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग’. ती चालू केली की चार मशीननी एकाच वेळी एकच फाईल मागितली तर स्क्विड बाहेर एकदाच जातो आणि चौघांना वाटतो. एरवी पहिलं डाऊनलोड पूर्ण होण्याआधी दुसरं मशीन आलं तर तेही ‘मिस’ होऊन स्वतंत्र डाऊनलोड सुरू होतं, आणि लाईट आल्यावर चारही मशीन एकदम जागी होतात तेव्हा हे हमखास घडतं. दुसरी ‘क्विक ॲबॉर्ट मिन’. ती उणे एक ठेवली की मागणारं मशीन मधेच बंद पडलं तरी स्क्विड हाती घेतलेली फाईल पूर्ण उतरवतो. तिसरी ‘रेंज ऑफसेट लिमिट’, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. डाऊनलोड अर्ध्यावर तुटलं की बॉइंक उरलेला भागच मागतो, शहाणपणाने. पण स्क्विड अर्धवट तुकडा कॅशे करू शकत नाही. मूळ साच्यात तो ही अर्धी मागणी तशीच पुढे पाठवतो आणि हाती काही ठेवत नाही. ही मर्यादा ‘नन’ केली की तो अख्खी फाईल आणून ठेवतो. फक्त बॉइंकच्या डाऊनलोड सर्व्हरांपुरती ती लावा. सगळ्यांसाठी लावली आणि घरातले मोबाइल त्याच प्रॉक्सीवरून जाऊ लागले, तर कोणी एखाद्या मोठ्या फाईलचा छोटा तुकडा मागितला तरी स्क्विड ती पूर्ण उतरवेल, आणि वाचवायला घेतलेला डेटा त्यातच जाईल. खरं तर मोबाइल आणि ब्राऊझर या प्रॉक्सीवर घालूच नका. आज जवळजवळ सगळं वेब एचटीटीपीएसवर आहे, तिथे काहीच वाचत नाही.

इंटरनेटवर ‘सगळं जबरदस्तीने महिनाभर साठवा’ अशा ओळी सापडतील, ‘ओव्हरराइड एक्स्पायर’ वगैरे. त्या घेऊ नका. सीव्हीएमएफएसमध्ये एक छोटी फाईल असते जी ‘सध्याची यादी कोणती’ एवढंच सांगते, आणि ती वरचेवर ताजी व्हावीच लागते. तिलाच गोठवून ठेवलं तर टास्क जुन्या यादीवर चालू लागतात आणि विचित्र चुका देऊन मरतात. मग दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. स्क्विड फक्त घरातल्या पत्त्यांना उघडा ठेवा, बाकी सगळं नाकारा आणि राऊटरवरून ३१२८ पोर्ट बाहेर उघडू नका. उघडी प्रॉक्सी परके लोक फार लवकर शोधून काढतात. मात्र कॅशेतून आलेली फाईल बिघडलेली असेल का, ही भीती नको. बॉइंक प्रत्येक डाऊनलोडचा एमडी५ (तोही एक हॅशच) पडताळतो आणि प्रोग्रॅमच्या फाईलींवर प्रकल्पाची सही असते. एक अडचण तेवढी येऊ शकते. कॅशेतच बिघडलेली प्रत बसली तर बॉइंक ती नाकारतो, पुन्हा मागतो, स्क्विड पुन्हा तीच देतो. तीच फाईल वारंवार फसताना दिसली तर त्या मशीनची प्रॉक्सी तात्पुरती काढून फाईल उतरू द्या, नंतर स्क्विडमधली ती प्रत पुसा.

आइन्स्टाइन ॲट होमकडून मात्र तेवढी आशा धरू नका. २००५ पासून चाललेल्या या प्रकल्पाने डेटा वाचवण्याचा विचार सर्व्हरवरच केलेला आहे. गुरुत्वीय लहरींच्या शोधात तुमच्या मशीनवर एच१ आणि एल१ ने सुरू होणाऱ्या फाईली उतरतात, म्हणजे लायगो या अमेरिकेतल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या शोधक यंत्रांचा डेटा. (हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, त्याचा डेटा अशा कामात येईल त्या दिवसाची मी मनापासून वाट पाहतो.) सर्व्हर शक्यतो त्याच मशीनवर आधीपासून असलेल्या फाईलींवरची पुढची टास्क देतो. त्यामुळे एका मशीनचं डाऊनलोड कमी होतं, पण तुमच्या चार मशीनना वेगवेगळ्या वारंवारतांचे पट्टे मिळू शकतात आणि मग त्यांच्या फाईली एकमेकींशी जुळत नाहीत. प्रोग्रॅम आणि सामाईक फाईली जुळतील, तेवढंच. इथे जास्त वाचवायचं असेल तर लायगोचं काम चारऐवजी एकाच, जास्त कोअरच्या मशीनवर ठेवा. एका मशीनवर साठलेली फाईल अनेक टास्क वापरतात, आणि त्यापुढे कोणतीही प्रॉक्सी फिकी आहे. उरलेली मशीन थिअरीला द्या.

काही प्रकल्प एकच फाईल अनेक मिरर सर्व्हरांवर ठेवतात. तेव्हा पत्ता बदलतो आणि स्क्विडला ती वेगळी वस्तू वाटते. स्क्विड ३.४ पासून ‘स्टोअर आयडी’ची सोय आहे, तिने हे पत्ते एकच मानायला शिकवता येतं. चार मशीनसाठी मी तरी इतका खटाटोप करणार नाही. तसंच एचटीटीपीएसचा लखोटा उघडायचा ‘एसएसएल बम्प’. त्यासाठी स्वतःचं प्रमाणपत्र बनवून प्रत्येक मशीनला ते खरं मानायला लावावं लागतं, आणि त्या किल्लीची जबाबदारी कायमची आपल्यावर येते. ज्या घरात याच कंप्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ते करू देणार नाही. कुठला प्रकल्प एचटीटीपीएस वापरतो हे पाहायचं असेल तर बॉइंकच्या डेटा फोल्डरमधली क्लायंट स्टेट फाईल उघडा, त्यात प्रत्येक फाईलसमोर ती कुठून उतरली तो पत्ता असतो. ज्यांची मोठी डाऊनलोड एचटीटीपीएसवर आहेत त्यांच्यासाठी प्रॉक्सीचा विचार सोडून द्या.

तिथे बॉइंकच्या स्वतःच्या सेटिंग्ज कामी येतात. ‘इतक्या दिवसांत इतके एमबी’ अशी मर्यादा प्रत्येक मशीनवर घालता येते. तुमचा महिन्याचा कोटा चार मशीनवर असमान वाटा. विंडोजच्या दोघांना जास्त द्या. मात्र ही मर्यादा बॉइंकच्या स्वतःच्या फाईलींनाच लागू पडते. सीव्हीएमएफएस जे आणतं ते बॉइंकला दिसत नाही, त्यामुळे मोजतही नाही. कदाचित यामुळेच मर्यादा घालूनही तुमचा कोटा संपत राहिला असेल. दुसरी गोष्ट, काही अडलं की प्रकल्प ‘रीसेट’ करायची सवय असेल तर ती मोडा. रीसेट केलं की त्या प्रकल्पाच्या सगळ्या फाईली जातात आणि पुन्हा उतरतात. काम थांबवायचं असेल तर ‘नवी टास्क नकोत’ एवढंच दाबा.

सगळं बदलून झाल्यावर लॉग वाचताना ओळी मोजू नका, बाइट मोजा. सीव्हीएमएफएसचे हजारो चिमुकले तुकडे ‘हिट’ झाले की नव्वद टक्के यश मिळाल्यासारखं वाटतं, आणि एक मोठी फाईल ‘मिस’ झालेली त्या गर्दीत दिसत नाही. स्क्विडच्या ॲक्सेस लॉगमध्ये चौथ्या रकान्यात निकाल असतो आणि पाचव्यात बाइट. प्रत्येक निकालाच्या बाइटांची वेगळी बेरीज करा: ‘टीसीपी हिट’ आणि ‘टीसीपी मेम हिट’ एकीकडे, ‘मिस’ दुसरीकडे, ‘टनल’ तिसरीकडे. पहिला दिवस सोडून द्या, त्या दिवशी कोठार भरत असतं आणि सगळं ‘मिस’च दिसेल. तिसऱ्या-चौथ्या दिवसाची बेरीज घ्या. ‘मिस’ अजून जड असेल तर त्यातल्या सर्वांत मोठ्या दहा ओळी काढा. एकच पत्ता दोनदा दिसला तर साठवणुकीची कुठली तरी मर्यादा अजून आड येते आहे. दहाही पत्ते वेगळे असतील तर तो माल खरोखरच नवा आहे, तो स्क्विडला वाचवता येणार नाही; त्यासाठी त्या प्रकल्पाची टास्कच कमी करावी लागतील.